रेकॉर्ड ऐकायला सुरुवात करताय? मग आधी सुईचं बघा

रेकॉर्ड परत आल्यात ही आता बातमी राहिली नाही. १९८२ मध्ये सीडी आली आणि पुढच्या दहाएक वर्षांत तबकडीचा कारभार आटोपला असं सगळ्यांनीच धरलं होतं, कारखान्यांनी प्रेस बंद केले, लोकांनी घरातले गठ्ठेच्या गठ्ठे मिळेल त्या भावात काढून टाकले. आणि आता बघा, २०२० मध्ये अमेरिकेत रेकॉर्ड विकून आलेला पैसा सीडीच्या पैशापेक्षा जास्त झाला, १९८६ नंतर पहिल्यांदा, आणि २०२२ मध्ये तर नगाच्या हिशोबातही रेकॉर्ड पुढे गेल्या, साधारण ४ कोटी १० लाख रेकॉर्ड आणि ३ कोटी ३० लाख सीडी. हे कधी, तर खिशातल्या फोनमध्ये जवळजवळ सगळं संगीत पडलेलं असताना.

गंमत म्हणजे २०२३ मध्ये ल्युमिनेट नावाच्या, संगीतविक्रीचे आकडे ठेवणाऱ्या कंपनीने सांगितलं होतं की अमेरिकेत वर्षभरात रेकॉर्ड घेतलेल्यांपैकी निम्म्यांकडेच ती वाजवायचं मशीन, म्हणजे टर्नटेबल, आहे. बाकीचे कव्हर बघतात, भिंतीवर लावतात, आवडत्या कलाकाराला चार पैसे मिळावेत म्हणून घेतात, त्यात वाईट काही नाही. पण हा लेख वाजवणाऱ्यांसाठी आहे, किंवा ज्यांना वाजवायचंय पण कुठून सुरुवात करायची, किती खर्च करायचा आणि लोक काय काय सांगतात त्यातलं किती खरं हे कळत नाहीये त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आत्ताच सांगून टाकतो. गाडी कितीही भारी असली तरी रस्त्याला टेकतात ती टायरच, तसं इथे रेकॉर्डवरच्या खाचेला टेकते ती सुई. टर्नटेबल, अँप, स्पीकर, केबल यावर लोक तासन्‌तास भांडतात, पण आवाज चांगला येणार की वाईट आणि तुमची रेकॉर्ड टिकणार की घासून जाणार हे त्या एका ठिकाणी ठरतं. म्हणून पैसा, वेळ, काळजी जे काही असेल ते आधी तिथे घाला.

पायरी १: कशासाठी घेताय ते स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा

"रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा चांगला असतो" या एका वाक्यावर जर तुम्ही यात उतरत असाल तर जरा थांबा. मोजमापात सीडी पुढे आहे. १६ बिटच्या सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल, रेकॉर्डमध्ये चांगली दाबलेली असली तरी ६० ते ७०. वर थोडी चरचर, मोटरचा बारीक आवाज, आणि बाजू संपत आली की तीव्र स्वरांत किंचित फाटणं. मग लोकांना रेकॉर्ड गोड का वाटते? एक कारण हे की नव्वदच्या दशकापासून सीडीवर गाणी जास्तीत जास्त मोठ्याने ऐकू यावीत म्हणून आवाज दाबून दाबून सपाट करायची शर्यत लागली, आणि रेकॉर्डसाठी बऱ्याचदा वेगळं मास्टरिंग, म्हणजे छापण्याआधीचं शेवटचं आवाज जुळवणं, करावं लागतं कारण खाचेत काय मावतं याला मर्यादा आहे. म्हणजे तुम्हाला जो फरक ऐकू येतो तो पुष्कळदा माध्यमाचा नसतोच, मास्टरिंगचा असतो.

दुसरं कारण जास्त साधं आहे, रेकॉर्ड लावली की वीस मिनिटं तुम्ही ती ऐकता. गाणं पुढे ढकलायला उठावं लागतं, मग माणूस उठत नाही. मला विचाराल तर हेच खरं कारण आहे आणि ते पुरेसं आहे. त्यासाठी शास्त्रीय बढाया मारायची गरज नाही.

पायरी २: आत काय चाललंय ते पाच मिनिटं समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण पुढचा प्रत्येक सल्ला यातूनच निघतो.

आज आपण जिला एलपी म्हणतो ती कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणली, १२ इंची, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे. पुढच्याच वर्षी आरसीएने ७ इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. त्याआधीच्या होत्या त्या ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या, पडल्या की फुटणाऱ्या. एलपीच्या एका बाजूला एकच सलग खाच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी, सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये या खाचेच्या दोन भिंती असतात, दोन्ही ४५ अंशांत कललेल्या, आतल्या भिंतीवर डावा चॅनेल आणि बाहेरच्या भिंतीवर उजवा. एकच सुई दोन्ही भिंती एकाच वेळी वाचते. ही कल्पना अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्लिश इंजिनिअरने १९३१ मध्येच पेटंटात लिहून ठेवली होती, दुकानात स्टिरिओ रेकॉर्ड यायला मात्र १९५८ उजाडलं.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, खर्जाचा आवाज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एका बाजूला मोजून काही मिनिटंच मावतील, म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि तीव्र स्वर वाढवतात, आणि वाजवताना ते बरोब्बर उलटं करतात. याचं प्रमाण आरआयएए कर्व्ह म्हणून १९५४ च्या सुमारास ठरलं आणि आजही तेच चालतं. हे उलटं करायचं काम फोनो प्रीअँप करतो. त्याच्याशिवाय आवाज येईल, पण पातळ, किरकिरा आणि अगदी बारीक.

दुसरी, तबकडी एकाच गतीने फिरते पण बाहेरचा घेर मोठा आणि आतला लहान, त्यामुळे सुरुवातीला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते आणि शेवटी शेवटी २० च्या आसपास. तेवढ्याच वेळाचं संगीत आत आत दाटीने बसवावं लागतं. म्हणून बाजूचं शेवटचं गाणं नेहमी सगळ्यात अवघड, आणि सुई स्वस्त असेल किंवा वाकडी बसवली असेल तर पहिला फटका तिथेच बसतो, गायकाचा "स" "श" फिसफिसायला लागतो. सेटअप नीट झालाय का हे बघायचं असेल तर पहिलं गाणं ऐकू नका, शेवटचं ऐका.

पायरी ३: टर्नटेबल निवडा

सुटकेससारखे दिसणारे, आतच स्पीकर असलेले छोटे प्लेअर सगळीकडे मिळतात, दिसायलाही छान असतात, आणि नवीन माणूस हमखास तिथेच जातो. माझं मत, शक्यतो टाळा. त्यात बहुतेक वेळा सिरॅमिक कार्ट्रिज असतं (कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा छोटा भाग), ते चांगल्या कार्ट्रिजच्या दुपटीपेक्षा जास्त वजन खाचेवर टाकतं, ते वजन कमीजास्त करता येत नाही, आणि त्याच डब्यातले स्पीकर सुईला हादरवत राहतात. एकदा वाजवली की रेकॉर्ड बाद होते असं काही जण घाबरवतात तेवढं नाटक नको, पण आवडीची रेकॉर्ड वर्षानुवर्षं त्यावर घासायची माझी तरी तयारी नाही.

मग बघायचं काय? पाच गोष्टी. आर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या लांब हाताला, मागे फिरवता येणारं काउंटरवेट असावं. अँटी-स्केट असावं, ते कशाला हे पायरी ६ मध्ये येतं. कार्ट्रिज बदलता यावं, निदान सुई तरी बदलता यावी. आर्म वर-खाली करायचा लिव्हर असावा, हा तर हवाच हवा. आणि प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी, जरा वजनदार असावा. एवढं असलेलं साधं मशीन घ्या आणि बाकी दिव्यांकडे, ब्लूटूथकडे बघू नका. ब्लूटूथ वाईट असतं असं नाही, पण मग आवाज डिजिटल होऊनच स्पीकरला जातो, तेव्हा "शुद्ध अ‍ॅनालॉग" म्हणत मिरवू नका एवढंच.

बेल्ट ड्राइव्ह की डायरेक्ट ड्राइव्ह या वादात नवख्याने पडूच नये. बेल्टमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्ट्याने प्लॅटर फिरतो, मोटरची थरथर कमी पोचते, पण पट्टा काही वर्षांनी सैल होतो आणि बदलावा लागतो. डायरेक्टमध्ये प्लॅटर थेट मोटरवर बसतो, झटकन गती पकडतो. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध, १९७२ मध्ये आलं, डीजे लोकांनी डोक्यावर घेतलं, २०१० मध्ये कंपनीने बंद केलं आणि रेकॉर्डची लाट बघून २०१६ मध्ये परत आणलं. दोन्ही पद्धतींची उत्तम आणि टुकार मशीन्स आहेत.

जुनं मशीन घेणार असाल तर स्वस्तात खूप चांगलं मिळू शकतं, फक्त हे तपासा: प्लॅटर हाताने फिरवून डगमगतो का, आर्म बोटाने अलगद हलवला तर कुठे अडखळतो का, लिव्हर सोडल्यावर आर्म हळूहळू उतरतो की धाडकन पडतो, आणि त्या कार्ट्रिजची सुई आजही मिळते का. अजून एक, काही जुन्या मोटरींची गती विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, ६० हर्ट्झच्या देशातलं मशीन ५० हर्ट्झवर लावलं की गाणं संथ होतं, नुसता व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही.

पायरी ४: कार्ट्रिज आणि सुई

कार्ट्रिजचे मुख्य प्रकार दोन. मूव्हिंग मॅग्नेट म्हणजे एमएम, यात सुईच्या दांडीला बारीक चुंबक असतो, सिग्नल ३ ते ५ मिलिव्होल्टच्या आसपास, आणि सुई ओढून काढून नवीन घालता येते. मूव्हिंग कॉइल म्हणजे एमसी, यात कॉइल हलते, सिग्नल बहुतेक वेळा अर्ध्या मिलिव्होल्टपेक्षाही कमी, त्यामुळे प्रीअँप वेगळा लागतो आणि सुई झिजली की सहसा अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. नवख्याने एमएमच घ्यावं, यावर मी वाद घालणार नाही. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई किंवा ऑर्टोफोनचं टूएम रेड ही नावं सगळीकडे दिसतील, दोन्ही चालतात, आणि दोन्हीत पुढे तीच बॉडी ठेवून वरच्या दर्जाची सुई घालायची सोय आहे.

सुईच्या टोकाचा आकारही बघा. कोनिकल म्हणजे गोल टोक, स्वस्त, सेटअप थोडा चुकला तरी निभावून नेते. इलिप्टिकल म्हणजे लंबगोल, खाचेतले बारीक वळसे जास्त चांगले वाचते, सुरुवातीला हीच घ्या. मायक्रोलाइन, शिबाटा वगैरे पुढचे आकार आतल्या दाटीच्या खाचांत कमाल करतात पण ते अगदी काटेकोर बसवावे लागतात.

सुई हिऱ्याची असली तरी झिजते. साधारण ३०० ते ५०० तासांनी साध्या सुया बदलायच्या, मायक्रोलाइन हजार तासांपर्यंत जाते. तास मोजायचे कसे? एलपी दोन्ही बाजू मिळून पाऊण तास धरा आणि बाजूला एक कागद ठेवा, बस. झिजलेल्या सुईला कडा येतात आणि ती खाचेच्या भिंती तासत जाते, आणि जुनं मशीन घेतलं असेल तर त्यावरची सुई आधीच्या मालकाने किती वापरली हे तो सांगेल त्यावर विश्वास ठेवू नका, सरळ नवी घाला.

पायरी ५: जोडणी

साखळी अशी: टर्नटेबल, मग फोनो प्रीअँप, मग अँप्लिफायर, मग स्पीकर. किंवा प्रीअँपनंतर थेट अँपवाले स्पीकर. आजकाल बऱ्याच टर्नटेबलमध्ये प्रीअँप आतच असतो आणि मागे फोनो-लाइन असं बटण असतं. अँपला "फोनो" लिहिलेलं इनपुट असेल आणि तुम्ही ते वापरत असाल तर हे बटण फोनोवर, साध्या इनपुटला लावत असाल तर लाइनवर. दोन्हीकडे प्रीअँप चालू राहिला तर आवाज फाटतो आणि ढबढबतो, कुठेच नसला तर पातळ येतो. मशीन बिघडलंय असं वाटून परत करणाऱ्या बऱ्याच लोकांची भानगड या एका बटणाची असते.

स्पीकरमधून सतत "हुंऽऽ" असा आवाज येत असेल तर ग्राउंडची बारीक वायर बघा, ती टर्नटेबलपासून प्रीअँपच्या स्क्रूला लावायची असते. लावलेली असूनही येत असेल तर प्रीअँप आणि केबल दुसऱ्या उपकरणांच्या अ‍ॅडॅप्टरपासून लांब न्या.

पायरी ६: सेटअप, इथे घाई नको

जागा आधी. टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका, स्पीकरचा हादरा सुईतून परत स्पीकरमध्ये जातो आणि खर्ज घुमायला लागतो. चालताना जमीन हलत असेल तर भिंतीला ठोकलेली फळी सगळ्यात बरी. मग स्पिरिट लेव्हल घेऊन प्लॅटर सपाट आहे का बघा, दोन्ही दिशांना.

आता वजन. याला ट्रॅकिंग फोर्स म्हणतात आणि प्रत्येक कार्ट्रिजबरोबर कंपनी आकडा देते, वर सांगितलेल्या दोनपैकी व्हीएम९५ई साठी २ ग्रॅम आणि टूएम रेडसाठी १.८ ग्रॅम. करायचं असं: अँटी-स्केट शून्यावर ठेवा, सुईचं झाकण काढा, आर्म क्लिपमधून सोडवून प्लॅटरच्या बाहेरच धरा आणि लिव्हर खाली घ्या. आता मागचं काउंटरवेट हळूहळू फिरवत आर्म हवेत आडवा, तरंगत राहील असं करा, ना पुढे झुकतोय ना मागे. तो तसा राहिला की आर्म परत क्लिपमध्ये अडकवा, वेट अजिबात न हलवता फक्त त्याच्यावरची आकड्यांची रिंग शून्यावर आणा, आणि मग रिंगसकट अख्खं वेट फिरवत सांगितलेल्या ग्रॅमवर या. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतात सगळ्यांचे, सुईला काही टेकू देऊ नका म्हणजे झालं. सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या, रिंगवरचे आकडे अंदाजेच असतात.

आणि हो, "कमी वजन ठेवलं तर रेकॉर्ड कमी झिजेल" हे डोक्यातून काढून टाका. वजन कमी पडलं की सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या आवाजाच्या जागी उसळते आणि भिंतीवर आदळते, त्याने जास्त नुकसान होतं. कंपनीने दिलेल्या मर्यादेत राहायचं, शंका असेल तर मधल्या आकड्याच्या किंचित वरच.

अँटी-स्केट का लागतं, तर आर्म वाकडा असल्यामुळे फिरणारी रेकॉर्ड त्याला आतल्या बाजूला ओढते आणि सुई खाचेच्या एका भिंतीवर जास्त रेलते. ते सावरायला उलट्या बाजूला थोडा ओढा द्यायचा. ट्रॅकिंग फोर्सचा जो आकडा तोच इथे लावा, सुरुवातीला एवढं पुरे.

कार्ट्रिज तुम्ही स्वतः बसवलं असेल तर प्रोट्रॅक्टर लागेल, म्हणजे रेषा आखलेला एक कागद किंवा पत्रा, त्यावर दोन ठिकाणी सुई ठेवून कार्ट्रिज रेषांना समांतर दिसतंय का बघायचं, नसेल तर स्क्रू सैल करून सरकवायचं, दोन्ही ठिकाणी जमेपर्यंत. अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झालं तरी शेवटच्या गाण्यात कळतं. वायरींचे रंग ठरलेले असतात: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची, त्यात निळी आणि हिरवी या मायनस. शेवटी बाजूने बघा, सुई रेकॉर्डवर टेकलेली असताना आर्म रेकॉर्डला साधारण समांतर दिसला पाहिजे.

हे सगळं झाल्यावर पुन्हा रोज रोज हात लावत बसू नका. काही जणांना संगीतापेक्षा स्क्रू ड्रायव्हर जास्त आवडायला लागतो.

पायरी ७: रेकॉर्ड घेताना

नवीन घेताना कव्हरवरच्या चिठ्ठीला भुलू नका. "१८० ग्रॅम" म्हणजे तबकडी जाड आहे, साधारण १२० ते १४० ग्रॅमच्या साध्या तबकडीपेक्षा हातात छान लागते, पण खाच तेवढीच खोल असते आणि आवाज वजनाने ठरत नाही. आवाज ठरतो तो मूळ टेप कोणती होती, मास्टरिंग कोणी केलं आणि कारखान्यात दाबताना काळजी घेतली का यावर. कंपन्या "ऑल अ‍ॅनालॉग" लिहितात त्याचंही असंच, २०२२ मध्ये अगदी उत्तम आवाजाच्या शौकिनांसाठी रेकॉर्ड काढणाऱ्या एका नामांकित कंपनीला कबूल करावं लागलं की त्यांच्या बऱ्याच महागड्या रेकॉर्ड कित्येक वर्षं मधल्या टप्प्यात डिजिटल फाइलवरून तयार होत होत्या, आणि तोवर भल्याभल्या कानांनी त्याच रेकॉर्ड अ‍ॅनालॉगचा नमुना म्हणून वाखाणल्या होत्या. यातून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा, मी तर कानाला गोड लागते का एवढंच बघायला लागलो.

रंगीत रेकॉर्ड आता बऱ्यापैकी ठीक असतात. चित्र छापलेल्या पिक्चर डिस्क मात्र जास्त चरचरतात, कारण चित्रावर पातळ पारदर्शक थर असतो आणि खाच त्या थरात असते, त्या भिंतीवरच शोभतात. ४५ फेऱ्यांच्या १२ इंची रेकॉर्डमध्ये खाच जास्त वेगाने जाते म्हणून तीव्र स्वर स्वच्छ येतात पण दर दहा-बारा मिनिटांनी उठावं लागतं. एका बाजूला २२-२३ मिनिटांच्या वर संगीत कोंबलेलं असेल तर आवाज हळू कोरावा लागतो, म्हणून तासाभराचा अल्बम एकाच तबकडीवर दिसला की जरा सावध.

एक आडगोष्ट. नवीन रेकॉर्ड कधी कधी महिनोन्‌महिने उशिरा का येतात असं विचारतात. रेकॉर्ड बनवायची सुरुवात लॅकरच्या, म्हणजे रोगणाचा थर दिलेल्या मऊ तबकडीवर खाच कोरून होते, त्यावरून निकेलचे साचे बनतात आणि साच्यांवरून प्लॅस्टिक दाबतात. ही लॅकरची तबकडी जगात फक्त दोनच मोठे कारखाने बनवत होते, त्यातला कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी २०२० मध्ये जळून गेला. उरला जपानमधला. अख्ख्या जगाची मागणी वाढतीये आणि धंदा असा एका धाग्याला लटकलेला.

जुन्या रेकॉर्ड घ्यायच्या तर ग्रेडची भाषा शिका. मिंट म्हणजे कोरी करकरीत, निअर मिंट म्हणजे जवळपास तशीच, व्हीजी प्लस (व्हीजी म्हणजे व्हेरी गुड) म्हणजे थोड्या खुणा पण ऐकायला छान, व्हीजी म्हणजे चरचर ऐकू येणार, आणि "गुड" लिहिलेलं असेल तर ती गुड नसते, हे पक्कं लक्षात ठेवा. विक्रेत्याला विचारा की वाजवून ग्रेड दिलाय की नुसतं बघून. ग्रेड देणारा स्वतःच विकणारा असतो, तेव्हा एक पायरी खाली धरून चाला.

हातात घेऊन बघता येत असेल तर एका तीव्र दिव्याखाली तिरकी धरा. केसासारख्या बारीक रेघा बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत, नखाला लागणारा चरा मात्र नक्की टक-टक करणार किंवा सुई तिथेच अडकणार. मधल्या भोकाभोवती लेबलवर रेघाळ्या असतील तर ती पुष्कळदा लावली-काढली गेलीये. खाच काळी चमकदार न दिसता राखाडी दिसत असेल तर जड सुईने घासलीये, ती धुऊन सुधारत नाही. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाक बघा, थोडा लाटेसारखा वाक चालतो, कडेचा तीव्र वाक नाही.

लेबल आणि खाच यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात बारीक खरडलेले आकडे असतात, त्यावरून ती नेमकी कुठल्या वेळची, कुठल्या साच्याची हे कळतं. डिस्कॉग्स नावाची, २००० साली सुरू झालेली, लोकांनीच भरलेली मोठी यादी आहे, तिथे ते आकडे टाकून बघा. पहिली आवृत्ती म्हणजेच उत्तम असं मात्र नसतं, नंतरच्या काही आवृत्त्या जास्त चांगल्या वाजतात आणि स्वस्तही असतात.

पायरी ८: लावणं, पुसणं, ठेवणं

तबकडी धरायची कडेने आणि लेबलने, खाचेला बोट नाही. प्लॅटर फिरायला लागला की कार्बन फायबरचा ब्रश दोन-तीन फेरे हलका टेकवून ठेवायचा आणि हळूच कडेला सरकवून धूळ उचलायची, हे प्रत्येक वेळी. मग लिव्हरने आर्म खाली. हाताने सुई टेकवायची हौस वाटते ती पार्टीत बरी.

सुईलाही ब्रश लागतो, छोटा, आणि तो कायम मागून पुढे फिरवायचा, म्हणजे रेकॉर्ड ज्या दिशेने सुईखालून जाते त्याच दिशेने. आडवा किंवा उलटा फिरवला तर दांडी वाकते. बोटाने सुईवरची धूळ झटकायची नाही, कितीही मोह झाला तरी.

जुनी रेकॉर्ड आणली की वाजवायच्या आधी धुवा, नाहीतर त्यातली घाण सुई खाचेतच दळत बसते. डिस्टिल्ड पाणी, त्यात रेकॉर्डसाठी मिळणाऱ्या क्लीनरचे थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड, गोल गोल खाचेच्या दिशेने पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा एकदा आणि उभी ठेवून पूर्ण वाळवायची. नळाचं पाणी नको, वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत राहतात. ओळीने शंभरेक जुन्या रेकॉर्ड जमल्या की व्हॅक्यूमने पाणी ओढणारं मशीन घ्यायचा विचार करा, त्याआधी नाही. लाकडाचा गोंद ओतून वाळल्यावर सोलायचा असा एक प्रकार लोक करतात आणि म्हणे घाण निघते, पण सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका. नवीन रेकॉर्डसुद्धा आतल्या कागदाच्या कपट्यांनी आणि स्टॅटिकने, म्हणजे तबकडीवर साठलेल्या स्थिर विजेने चरचरते, तेव्हा कागदी पाकीट बदलून आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेलं पाकीट घाला, एवढ्याशा खर्चात मोठा फरक पडतो.

ठेवायच्या नेहमी उभ्या, तिरक्या रेललेल्या नाहीत, आडव्या गठ्ठ्यात तर नाहीच नाही. ऊन, हीटर आणि बंद गाडी यापासून लांब. मऊ पीव्हीसीची जाड बाहेरची कव्हरं दिसायला भारी पण वर्षानुवर्षं राहिली तर तबकडीवर धूसर डाग सोडतात, पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनची घ्या. आणि फळी मजबूत बघा, शंभर एलपी कव्हरसकट पंचवीस-तीस किलो सहज भरतात.

वाजवताना काही बिघडलं तर

सुई एकाच जागी अडकत किंवा उडी मारत असेल तर आधी तीच जागा ब्रशने साफ करा, मग दुसरी रेकॉर्ड लावून बघा. सगळ्याच उड्या मारत असतील तर वजन कमी आहे किंवा अँटी-स्केट जास्त. गाणं हेलकावे खात असेल तर पट्टा सैल झालाय किंवा भोक मधोमध नाहीये, दुसरं असेल तर त्या रेकॉर्डला इलाज नाही, परत करा. एकाच बाजूचा स्पीकर बंद असेल तर हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा कार्ट्रिज बसवलेला भाग, काढून त्याचे चार पितळी टोक पुसून परत घट्ट लावा, दहापैकी आठ वेळा तिथेच निघतं. आणि प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात "स" फिसफिसत असेल तर पायरी ६ मधला प्रोट्रॅक्टर पुन्हा काढा, आणि त्यानेही नाही गेलं तर पायरी ४ मधला तो तासांचा कागद बघा.

कोणाच्या घरातून ७८ च्या जुन्या तबकड्या हाती आल्या तर त्या एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, त्यांना सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची वेगळी सुई लागते आणि एलपीची १८ मायक्रॉनची सुई तळाशी घसरत राहते, आवाजही नीट येत नाही आणि सुईही जाते. मशीनला ७८ ची गती आहे का ते बघा, बऱ्याच नव्या मशीन्सना नसते. आणि त्या पुसायला अल्कोहोल असलेलं क्लीनर चुकूनही वापरू नका, लाख त्यात विरघळते.